मधलं पीठ

ऋतुजा, सरक अशी जवळ. कागदावर का होईना, पण सरक. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोन केलास, माझी चौकशी नाही, गुडघ्यांची नाही, "बोल गं राणी" म्हणायच्या आत तुझं सुरू. "माई, मी आईबरोबर गिरणी आवरतेय. कोपऱ्यात एक ॲल्युमिनियमचा डबा सापडलाय. वर रंगानं 'मधलं' असं लिहिलंय. कचऱ्याचा होता का गं? टाकून देऊ?"

कचऱ्याचा! समोर असतीस तर कान धरला असता.

मग तू आवाज बारीक केलास. म्हणालीस, आजोबांच्या वर्षश्राद्धाला लोणी काळभोरची आईची चुलत आत्या आली होती, ती चारचौघांत म्हणाली, "लोकांच्या पिठावर पोसलंय हे घर." आणि तू मला विचारलंस, "खरंय का गं? आजोबा लोकांच्या डब्यातलं पीठ काढून ठेवायचे? आईला विचारलं तर ती नुसती हसली. म्हणाली, माईंना विचार, ती गोष्ट त्यांची आहे."

मी "फोनवर नाही सांगत" म्हणाले आणि ठेवून दिला. तुला वाटलं माई रागावली. रागावलेच होते, पण तुझ्यावर नाही. ते येईल पुढे. कुसुमनं, तुझ्या आईनं, चेंडू बरोबर माझ्याकडे टोलवलाय. आता सांगते ते नीट ऐक, आणि मधेच 'हं हं' करत मोबाईल बघू नकोस.

तुझे आजोबा, सोपानराव, आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीचे गिरणीवाले. लोणी काळभोरहून आले, पुढे गिरणी आणि मागे दोन खोल्या अशी जागा धरली, आणि जन्म तिथेच काढला. आम्ही सगळे त्यांना सोपानकाका म्हणायचो. तू धायरीत वाढलीस, लहानपणी गिरणीत आणलं की शिंकून शिंकून लाल व्हायचीस, म्हणून तुला फार कुणी आणायचं नाही. त्यामुळे तुला आजोबा माहीत ते आंघोळ केलेले. आमचे सोपानकाका वेगळेच होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळीवर पिठाची रेघ. त्यांच्या मिशा काळ्याभोर आहेत हे गल्लीला माझ्या मुलाच्या मुंजीत कळलं.

त्या दिवशी ते स्वच्छ धुतलेले, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले आणि मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. माझ्या सासूबाई रोज त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्या, पण ओळखलं नाही. अगदी अदबीनं पुढे गेल्या. "नमस्कार. आपण मुलाच्या मामाकडचे का?"

"नाही."

"मग आत्याकडचे?"

"नाही हो. मी पोळीकडचा," म्हणाले.

सासूबाईंना ओळख पटायला पानं वाढेपर्यंत वेळ लागला. त्यानंतर आमच्या घरात त्यांचं नावच पडलं, 'पोळीकडचे'.

आवाज म्हणशील तर गिरणीत एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे खुणा चालायच्या. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली की बारीक, मूठ उघडझाप केली की जाड, हनुवटीला हात लावला की भाजणी, म्हणजे घाई नाही, सावकाश दळा. बाहेरच्यांना वाटायचं, मुक्यांची शाळा भरलीये. आणि आयुष्यभर त्या आवाजात राहिल्यामुळे काका घरातही ओरडूनच बोलायचे. तुझ्या आजीच्या, इंदूताईंच्या, कानात काही गुपित सांगायला गेले की ते आम्हाला तिसऱ्या घरात कळायचं. "इंदे, तुझं नवं लुगडं झ्याक हाय!" हे मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलंय. पेठेतल्या बायकांशी बोलताना मात्र 'आहे' म्हणायचे, अगदी जपून. मनाला काही लागलं की 'हाय' बाहेर पडायचं. त्यावरून मी त्यांचं मन ओळखायला शिकले.

गुरुवारी वीज नसायची. त्या दिवशी ते दगड उघडून, मांडी घालून, छिन्नी-हातोडीनं जात्याला टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडांना पुन्हा खाचा पाडत, बसायचे. टक टक टक, सकाळपासून. कुणी म्हणालं, "अहो, एक गुरुवार विसावा घ्या की," तर म्हणायचे, "हाच विसावा आहे. आज मला माझं ऐकू येतं."

आणि बोटं! वरून धान्य ओतलं, खालून कापडी नळीतून पीठ पडायला लागलं की चिमूट घ्यायची, अंगठ्यानं घासायची, आणि दगड तसूभर वर की खाली ते ठरवायचं. त्या चिमटीत त्यांना आमची घरं दिसायची. "आज एकदम बारीक मागितलंत, पाहुणे येणार वाटतं." "धने जरा जास्त भाजले गेलेत, सूनबाई, फोनवर होतात का?" मला ते शेवटपर्यंत सूनबाईच म्हणाले, मला सुना आल्या तरी.

आमच्या समोर जोगळेकरबाई राहायच्या. जिभेला धार, पण माणूस सोन्यासारखं. त्यांचे यजमान गेले, आणि तेरा दिवस झाल्यावर बाई पहिल्यांदा दळण घेऊन आल्या. सवयीनं डबा काठोकाठ भरलेला, दोघांचा. मी मागेच उभी होते. काकांनी डब्यात पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि निम्मेच गहू वर ओतले. उरलेले पिशवीत बांधून हातात दिले. जवळ जाऊन, त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "बाई, निम्मं दळलंय. पीठ ताजं असलेलं बरं. हे पुढल्या आठवड्याला आणा." जोगळेकरबाईंनी मान हलवली आणि मग तिथेच, त्या पट्ट्याच्या घरघरीत, तोंडाला पदर लावून रडल्या. इतके दिवस घरात माणसं होती म्हणून रडल्या नव्हत्या. बाईंचं दळण संपलं होतं, तरी काकांनी मोटार बंद केली नाही. मूठभर तांदूळ टाकून गिरणी चालू ठेवली. बाईंचे डोळे पुसून होईपर्यंत.

ते तांदळाचं पीठ गेलं मधल्या डब्यात. आलं लक्षात? नाही? थांब.

गिरणीत एकामागून एक दळणं होतात. आधी कुणाची बाजरी, मग कुणाचे गहू. बाजरी संपली तरी दगडांच्या खाचांत आणि नळीत ती थोडी उरतेच. लगेच गहू ओतले की पहिली मूठ दोन्हींची मिळून येते, राखाडी, ना बाजरी ना गहू. आजोबा ती पहिली मूठ तुमच्या डब्यात पडू द्यायचे नाहीत. नळीखाली वेगळं भांडं धरायचे, पांढरंशुभ्र पीठ यायला लागलं की मग तुमचा डबा सरकवायचे. भांड्यातलं गेलं त्या 'मधलं' डब्यात. दोन दळणांच्या मधलं, म्हणून मधलं. कुणाच्या भरलेल्या डब्यात हात घालून त्यांनी चिमूटभर काढलं नाही, बोटानं घासलेली चिमूटसुद्धा परत डब्यातच झटकायचे. उपासाची भाजणी असेल तर आधी दगड उघडून ब्रशनं झाडायचे, मग थोडी वरई स्वतःच्या पदरची फिरवायची, तीही मधल्यात, आणि मगच साबुदाणा-राजगिऱ्याला हात. सासूबाई म्हणायच्या, "माझा उपास मी करते आणि सांभाळतो सोपान."

संध्याकाळी तो डबा मागच्या खोलीत जायचा, आणि इंदूताई त्या पिठाच्या भाकऱ्या थापायच्या. रोज. बरोबर आहे, तुझी आई त्याच भाकऱ्यांवर वाढली.

आता माझी पाळी. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

मी वाईहून लग्न होऊन नवी नवी आले होते. शहाणपण उतू जात होतं. माहेरहून आंदणात एक तराजू आणला होता, अगदी चकचकीत, आणि त्याचं काय करू आणि काय नको असं झालं होतं. साखर मोज, डाळ मोज. एकदा गहू मोजून पाठवले आणि पीठ आल्यावर मोजलं, तर कमी! परत मोजलं, परत कमी. पीठ उडतं, दगडाच्या उष्णतेनं ओल जाते, हे कुठे ठाऊक? मी पाळत ठेवली. एक दिवस बघितलं, माझ्या दळणाची पहिली मूठ भांड्यात आणि भांडं त्या डब्यात. झालं. गिरणीत सहा-सात बायका होत्या. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, आणि ऐकू जावं म्हणून किंचाळून विचारलं, "काका, आमचं पीठ कमी भरतं! हा डबा कुणाचा?"

काकांनी हात पुसला आणि मोटार बंद केली. भर गर्दीच्या वेळी मोटार बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पट्टा फटफटत थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझाच हाय," ते म्हणाले. 'हाय' म्हणाले. "रोज भरतो आन् रोज आम्ही खातो."

एवढं बोलून मोटार सुरू केली आणि पुढचं दळण घेतलं. मी मात्र ताठ मानेनं घरी आले. वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलेली पाटी. काका मूळचे लोणी काळभोरचे, पण इतकी वर्षं पेठेत काढल्यावर माणसाला पुणेरी पाटी जमतेच. लिहिलं होतं: 'आपले पीठ पूर्ण मिळेल. शेजाऱ्यांचेही थोडे मिळेल.'

आणि तसंच झालं. पहिली मूठ ठेवायची बंद. ज्याचा नंबर, त्याच्या डब्यात सगळं. माझ्या पोळ्या पहिल्या दिवशी करड्या आल्या, दुसऱ्या दिवशी पिवळ्या, कारण माझ्या आधी कुणीतरी बेसन दळलं होतं. सासूबाईंनी ताटातली पोळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "सूनबाई, ही पोळी आहे की गल्लीची सभा?"

जोगळेकरबाई तिसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात उभ्या. "सोपानराव, माझ्या पोळीत नाचणी आहे. माझं तिच्याशी वैर नाही, पण आमची ओळख नव्हती."

"पाटी वाचा," काका म्हणाले.

"वाचली. अक्षर चांगलं आहे. पोळी वाईट आहे."

उपासाची भाजणी तर त्यांनी घेणंच थांबवलं. म्हणाले, मधलं ठेवायचं नाही तर शुद्ध देता येणार नाही, आणि अशुद्ध दिलं तर पाप मला. संकष्टी तोंडावर आलेली. सासूबाईंनी नुसता तो साबुदाण्या-राजगिऱ्याचा डबा माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि देवघरात जाऊन बसल्या. त्याची भीती जास्त. गल्लीतल्या बायका मला वाट देताना जरा जास्तच वाट द्यायला लागल्या. मला कळून चुकलं होतं गं. एका भल्या माणसाला मी सहा-सात बायकांसमोर चोर म्हटलं होतं, आणि तो शब्द मागे कसा घ्यायचा हे मला येत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी गिरणी बंद असताना मी मागच्या दारानं गेले. हातात वाटीभर पीठ, आमच्याच डब्यातलं. इंदूताई चुलीशी, कुसुम परकर-पोलक्यात जमिनीवर बसलेली, काका जेवायला टेकलेले. मला बघून कुणी चकित झालं नाही. जणू मी येणार हे ठरलेलंच होतं.

"काका, माझं चुकलं," मी म्हणाले. आणखी बरंच पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. समोर फळीवर तो डबा होता, रिकामा, झाकण उघडं. मी वाटी त्यात उपडी केली.

काकांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग इंदूताईंना म्हणाले, ओरडूनच म्हणाले, "इंदे, पाट टाक! सूनबाईंची मूठ आली हाय."

इंदूताई मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस बाई. आठ दिवस निव्वळ गव्हाचं खाऊन पोरगी कावली. रोज एकच चव. म्हणते, आज कुणाच्याच घरचं नाही का?"

मला कळेना. तेव्हा कुसुमनं सांगितलं. त्यांच्या घरात हा खेळ होता. भाकरीचा पहिला तुकडा मोडायचा, चावायचा, आणि ओळखायचं, आज कुणाच्या घरचं. हे गोडसर म्हणजे जोगळेकरांचे गहू. हे धने म्हणजे तुमच्या सासूबाईंची भाजणी. नाचणी आली म्हणजे कोपऱ्यावरच्या घरी बाळ उष्टावलं. दोन आठवडे एखाद्या घरची चव आली नाही की काका इंदूताईंना पाठवायचे, "जाऊन ये, आजारी-बिजारी हायेत का बघ." मला आठवलं, मी आल्या आल्या तापानं पडले होते तेव्हा इंदूताई पेज घेऊन आल्या होत्या, न सांगता, न बोलावता. मी समजत होते सासूबाईंनी निरोप दिला असेल.

त्या दिवशी मी तिथे जेवले. माझ्या वाटीतलं पीठ, घरात होतं त्यात मिसळून, इंदूताईंनी भाकरी थापली. कुसुमनं तुकडा चावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाईचं!" आम्ही सगळे इतके हसलो की काकांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पाटी पुसलेली होती. सहा-सात बायकांसमोर बोलले होते, तर तेवढ्याच बायकांसमोर मी आमच्या दळणाची पहिली मूठ माझ्या हातानं त्या डब्यात टाकली. जोगळेकरबाई म्हणाल्या, "चला, सुटलो. पोळीतली नाचणी आता माहेरी गेली." संकष्टीला सासूबाईंना भाजणी मिळाली. आणि तो तराजू मी माळ्यावर टाकला, अजून तिथेच असेल.

काकांनी तो विषय जन्मात पुन्हा काढला नाही. फक्त कधी दळण घेताना डबा परत देत गंभीरपणे विचारायचे, "मोजायचं का, सूनबाई?" आणि मिशीत हसायचे. त्यांचं हसणं कळायला मिशीवरचं पीठ हललं का ते बघावं लागायचं.

पुढे इंदूताई गेल्या, काकांचे हात थरथरायला लागले, आणि तुझी आई रोज धायरीहून बसनं स्वारगेटला उतरून गिरणी चालवायला यायला लागली. लोक म्हणाले, बाई गिरणी चालवणार? काका म्हणाले, "माझ्यापेक्षा चव तिला कळते." ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आता ऐकू अजिबात यायचं नाही, त्यामुळे खुणा तेवढ्या उरल्या. मी अंगठा-तर्जनी घासून दाखवली की ते आत हात करून कुसुमला तीच खूण करायचे. तेवढं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेवटचं बघितलं ते असं. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. कुसुमनं मधला डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला होता, करमणूक म्हणून. ते चिमूट घ्यायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मी शेजारी उभी राहिले. जरा वेळानं म्हणाले, "जोगळेकर नाहीत यात."

जोगळेकरबाई जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, जीवाला लागेल म्हणून. मी मान हलवली. नाहीत, काका.

त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. बराच वेळ चघळली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही हाय."

तर ऋतुजा, कुसुमच्या त्या आत्याला सांग, खरं बोललीस, बाई. लोकांच्याच पिठावर पोसलंय ते घर. आमच्या पोळ्या पांढऱ्या राहाव्यात म्हणून राखाडी भाकरी खाऊन पोसलंय. आणि हे सांगायला दुसरं कुणी नको, मला घेऊन चल. ज्या बाईनं त्यांना चोर म्हटलं होतं तिनंच सांगितलेलं बरं.

आता डब्याचं. टाकायचा नाही. घासायचाही नाही, कडेच्या खाचेत पीठ चिकटलं असेल ते राहू दे. आणि असं कर, लवकर ये. या रविवारी नाही तर पुढच्या, त्याच्या पुढे नको, माझं वय बघ. तो डबा घेऊन ये आणि त्यात तुझ्या धायरीच्या घरचं मूठभर पीठ घालून आण, पाकिटातलं असलं तरी चालेल, मी नाक मुरडणार नाही. मूठभर माझं घालीन. कुसुमला भाकरी थापायला लावू. पहिला तुकडा तू मोडायचास, आणि मला सांगायचंस, आज कुणाच्या घरचं.